रेशाद मसाला बिघडला : कुठलं व्हिनेगर कशात घालता?

मोगरी

नमस्कार मंडळी. मी पुण्यात राहते, सासर म्हापशाजवळचं. रेशाद मसाला, म्हणजे मासळीत भरायचा गोव्याचा लाल ओला मसाला, आजवर सासूबाईच बरणीभर पाठवायच्या आणि तो चार महिने पुरायचा. या वेळी पहिल्यांदाच स्वतः वाटला.

त्यांच्या वहीतलंच प्रमाण घेतलं. २५ बेडगी मिरच्या, एक अख्खा लसूण, इंचभर आलं, चमचाभर जिरं, १५ मिरी, ६ लवंगा, इंचभर दालचिनी, अर्धा चमचा हळद, सुपारीएवढी चिंच, चमचाभर साखर, मीठ. आणि शेवटी लिहिलंय, 'विनागर जाय तितलें', म्हणजे व्हिनेगर लागेल तेवढं. पाण्याचा थेंबही घालायचा नाही, मिरच्या व्हिनेगरमध्येच भिजवायच्या आणि त्यातच वाटायच्या, एवढं ठाऊक होतं. घरात मंचुरियनसाठी आणलेली पांढऱ्या व्हिनेगरची बाटली होती, तीच ओतली.

रंग सुरेख आला. बांगडे भरले, रव्यात घोळवून तळले. पण पहिल्याच घासाला वास नाकात चढला आणि मागे राहिला तो कोरडा, टोचरा आंबटपणा. सासूबाईंच्या मसाल्याला जी गोडसर, मुरलेली चव असते ती कुठेच नाही. त्यांना फोन केला तर पहिला प्रश्न आला, "माडाचं घातलंस ना?"

मग दुकानात जाऊन बघितलं. पांढरं, तपकिरी, सफरचंदाचं, उसाचा सिरका, तांदळाचं, बाल्सामिक. माडाचं नव्हतंच. यातलं काय कशाला वापरायचं? रेशादला माडाचं नाही मिळालं तर काय चालेल? आणि हा बिघडलेला मसाला वाचवता येईल का? अर्धी बरणी उरलाय, टाकवत नाही.

रसायनवाला

बाटलीच्या पुढच्या बाजूचं चित्र सोडा, मागचं लेबल वाचा. आपल्याकडे कायद्याने दोन प्रकार आहेत. 'ब्रूड' म्हणजे आंबवून केलेलं आणि 'सिंथेटिक'. सिंथेटिक असेल तर ते ॲसेटिक ॲसिडपासून केलंय असं लेबलवर छापावंच लागतं. दोन्हींत किमान ३.७५ टक्के ॲसेटिक ॲसिड असावं लागतं, म्हणजे आंबटपणाच्या मापात दोन्ही सारखीच. फरक बाकीच्या गोष्टींत आहे.

आंबवलेलं व्हिनेगर दोन टप्प्यांत होतं. आधी यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं. मग ॲसिटोबॅक्टर जातीचे जिवाणू हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने त्या अल्कोहोलचं ॲसेटिक ॲसिड करतात. या वाटेवर थोडी इतर आम्लं, थोडी सुवास देणारी एस्टर नावाची संयुगं, मूळ फळाचा किंवा रसाचा अंश, असं बरंच काही मागे राहतं. तुम्ही 'मुरलेली चव' म्हणताय ती ही. सिंथेटिकमध्ये ॲसेटिक ॲसिड आणि पाणी. ते विषारी वगैरे अजिबात नाही, पण आंबटाखेरीज त्याच्याकडे द्यायला दुसरं काही नसतं.

दोन गोष्टींत लोक फसतात. तपकिरी रंग दिसला की जुनं, मुरलेलं असेल असं वाटतं, पण तो रंग कॅरॅमलचाही असू शकतो. उलट, पांढरं म्हणजे सिंथेटिकच असंही नाही. स्पिरिट आंबवून केलेलं व्हिनेगरही पाण्यासारखं स्वच्छ असतं. रंगावर जाऊ नका, लेबलवरचा तो एक शब्द शोधा.

चिंचगूळ

धागा छान, पण मला मुळातला प्रश्न पडतो. आपल्या घरात चिंच आहे, आमसूल आहे, लिंबू आहे, कैरी आहे, आंबट ताक आहे. मग व्हिनेगर लागतंच कशाला? माझ्या आईने आयुष्यात कधी वापरलं नाही आणि तिच्या हातचे बांगडे अजून जिभेवर आहेत.

रसायनवाला

चिंचगूळ, प्रश्न रास्त आहे. प्रत्येक आंबटाचं आम्ल निराळं. चिंचेत टार्टारिक, लिंबात सायट्रिक, ताकात लॅक्टिक, कोकमात हायड्रॉक्सीसायट्रिक. ही उडून जात नाहीत, कढईतच राहतात. ॲसेटिक ॲसिड मात्र वाफेबरोबर थोडं थोडं जातं, म्हणून व्हिनेगरचा वास लांबून येतो आणि झाकण काढून शिजवलं की त्याचं टोक मोडतं. लिंबाचा सुवास आच लागली की मरतो, म्हणून लिंबू शेवटी पिळायचं आणि व्हिनेगर सुरुवातीला घालायचं. दोघांच्या जागाच वेगळ्या आहेत.

आमटीत व्हिनेगर घालू नये, हे मात्र मलाही शंभर टक्के मान्य.

नारळीपौर्णिमा

मी गोव्यातल्या साष्टीतली, माडाच्या व्हिनेगरवर बोलल्याशिवाय राहवत नाही.

तुम्ही कोकणात माडी म्हणता, आम्ही सूर म्हणतो. माडाची न उमललेली पोय, म्हणजे फुलोरा, बांधून तिचं टोक रोज कापतात, त्यातून रस ठिबकतो. हे काम रेंदेराचं. तो दिवसातून तीनदा माडावर चढतो, सकाळी आणि संध्याकाळी सूर उतरवायला आणि दुपारी पोय तासायला. पहाटेची सूर गोड असते, ऊन चढेपर्यंत फसफसायला लागते. पूर्वी आमचे पाव या सुरेवरच फुगायचे आणि सान्नां, म्हणजे आमच्या इडलीसारख्या तांदळाच्या वाफवलेल्या वड्या, आजही काही घरांत सुरेवरच होतात.

व्हिनेगरसाठी मात्र तिला सोडून द्यायचं. रुंद तोंडाच्या मातीच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत ओतायची, तोंडाला पातळ फडकं बांधायचं. झाकण लावायचं नाही, कारण हवा लागते. पण उघडंही ठेवायचं नाही, चिलटं येतात. माझी आजी कौलाचा तुकडा चुलीत लाल होईपर्यंत तापवून त्यात टाकायची. चर्र आवाज यायचा आणि आम्ही मुलं त्यासाठीच तिथे बसून असायचो. तीन-चार आठवड्यांत आंबट होतं. वर बुळबुळीत पापुद्रा धरतो, त्याला घाबरायचं नाही, व्हिनेगर करणारे जिवाणूच तो विणतात. मग गाळून बाटल्या भरायच्या.

चव कशी असते ते सांगते. आंबट तर आहेच, पण मऊ. मागे किंचित गोडसर आणि थोडा खमिरासारखा वास. लसूण आणि मिरचीला ते बोचत नाही, त्यांना धरून ठेवतं. विंदालू, चोरीस (डुकराच्या मांसाचे सॉसेज), सारपातेल (डुकराच्या मांसाचं आणि काळजाचं कालवण), बालशांव (कोळंबीचं तिखट-आंबट लोणचं), सुक्या मासळीचा पारा (तेही लोणचंच), आमचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

आणि हो, विंदालूत बटाटा नाही! मूळ पोर्तुगीज शब्द 'विन्या द'आल्योश'. विन्यो म्हणजे वाइन, आल्यो म्हणजे लसूण. लसणीच्या आणि वाइनच्या मुरवणात ठेवलेलं मांस. मडेरा बेटावर नाताळात ते आजही करतात. गोव्यात वाइनची जागा माडाच्या व्हिनेगरने घेतली आणि मिरची आली. बाहेरच्या हॉटेलांनी 'आलू' ऐकलं आणि बटाटे घातले.

मोगरी, दुकानात 'कोकोनट व्हिनेगर' दिसलं तर घटक वाचून घ्या. शहाळ्या-नारळाच्या पाण्यापासून केलेलंही त्याच नावाने विकतात. ते वाईट नाही, पण सुरेचं नव्हे, चव पातळ लागते.

वसईची_लेक

नारळीपौर्णिमा, तुमची कौलाची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. आमच्या वसईतही नाताळाच्या आधी आईची व्हिनेगरची तयारी असायची. आमच्याकडे इंद्याल होतं, तुमच्या विंदालूचंच भावंड. आणि सारपातेल.

नवीन करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगते. सारपातेल ज्या दिवशी केलं त्या दिवशी खाऊ नका. पहिल्या दिवशी मसाला एकीकडे आणि आंबट एकीकडे असतं. आई २२ तारखेला करते, रोज एकदा नीट उकळी काढते आणि नाताळच्या दिवशी फुग्यांबरोबर, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या तळलेल्या गोळ्यांबरोबर, वाढते. तिसऱ्या दिवसानंतरच ते एकजीव होतं.

दुसरी गोष्ट भांड्याची. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात किंवा कल्हई नसलेल्या पितळेत व्हिनेगरचं काहीही शिजवू नका, मुरवत तर मुळीच ठेवू नका. स्टील, काच, चिनी माती. बरणीचं झाकण पत्र्याचं असेल तर आतून गंजतं, मध्ये प्लॅस्टिकचा कागद घाला.

माडाचं मिळालं नाही तर आई उसाचा सिरका वापरते, आंबवलेला. तोही गोडसर असतो.

ग्रँटरोड

उसाच्या सिरक्याला +१.

आमचे शेजारी पारशी. त्यांच्याकडे याला 'सरको' म्हणतात आणि नवसारीचा कोलाहचा सरको घरात नसेल तर काही तरी चुकल्यासारखं वाटतं त्यांना. रंग गडद, वास जवळजवळ काकवीसारखा. मावशी सास नी मच्छीसाठी, म्हणजे पांढऱ्या रश्श्यातल्या मासळीसाठी, अंडी आणि सरको एकत्र फेटतात, थोडी साखर. ते मिश्रण रश्श्यात घालताना गॅस अगदी मंद आणि पातेलं सतत हलवत राहायचं, नाहीतर अंडं फुटतं. लग्नातलं गाजर आणि सुक्या मेव्याचं लोणचं, 'लगन नु अचार', तेही याच सरक्यात. त्यांनी एकदा मला बाटली दिली आणि मी ती कांद्यावर घालून संपवली. आता वाटतं, जपून वापरायला हवी होती.

राईनकाठी

परदेशात राहणाऱ्यांनी हे कृपया वाचा.

मी जर्मनीत नवीन होतो तेव्हा पनीर करायला दुकानातून 'एसिग', म्हणजे व्हिनेगर, लिहिलेली बाटली आणली. एक लिटर दुधाला दोन मोठे चमचे, नेहमीसारखे. दूध क्षणात फाटलं, पण वाफेने डोळे चुरचुरले, खोकला थांबेना. बाटली नीट वाचली तर ती 'एसिग-एसेन्झ' होती. २५ टक्के ॲसेटिक ॲसिड! इथे ती साध्या व्हिनेगरच्या शेजारीच ठेवलेली असते. पातळ करूनच वापरायची असते, एक भाग एसेन्झ आणि चार भाग पाणी घेतलं की ५ टक्क्यांचं होतं. थेट तोंडात गेली तर भाजते. घरात लहान मूल असेल तर आणूच नका असं माझं मत.

रोजच्या वापराला 'ब्रांटवाइन-एसिग', म्हणजे स्पिरिटचं व्हिनेगर, साधारण ५ टक्के. 'वाइन-एसिग' युरोपात किमान ६ टक्के असावं लागतं, म्हणजे भारतातल्या बाटलीपेक्षा बरंच तेज. आईची कृती इथे करताना व्हिनेगर एक तृतीयांश कमी घाला आणि तेवढं पाणी वाढवा. वाइन-एसिगमध्ये मी विंदालू केलंय, चांगलं होतं. मूळ कृतीच्या जवळचंच झालं म्हणायचं.

खवय्यी_नाशिक

बाप रे. राईनकाठी, बरं झालं लिहिलंत. माझा भाचा पुढच्या महिन्यात म्युनिकला जातोय, त्याला हे पाठवते.

पनीरबद्दल : मी लिंबाऐवजी आता व्हिनेगरच घेते, कारण प्रत्येक लिंबू वेगळं. साधं पांढरं व्हिनेगर. एक लिटर म्हशीचं दूध उकळलं की गॅस बंद करायचा. दोन मोठे चमचे व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळायचं आणि थोडं थोडं घालत हलक्या हाताने ढवळायचं. हिरवट पाणी सुटलं की थांबायचं, उरलेलं ओतायचं नाही. जास्त झालं की पनीर रबरासारखं होतं. फडक्यातच थंड पाण्याखाली धुतलं की वास राहत नाही. इथे महागडं आंबवलेलं व्हिनेगर वापरणं म्हणजे वाया घालवणं.

एक शंका. लसूण सोलून व्हिनेगरमध्ये घातला होता, आठवड्याने पाकळ्या निळसर-हिरव्या झाल्या. टाकून दिल्या. बरोबर केलं का?

रसायनवाला

टाकायला नको होत्या, ताई. लसणीतली गंधकाची संयुगं आणि अमिनो आम्लं आम्लात एकत्र येऊन तो रंग धरतात. निरुपद्रवी आहे. उत्तर चीनमध्ये तर मुद्दाम असा हिरवा लसूण करतात, 'लाबा' लसूण म्हणतात, आणि थंडीत डम्पलिंगबरोबर खातात. लसूण थंडीत किंवा फ्रिजमध्ये राहिलेला असला की रंग जास्त चढतो. बुरशी मात्र वेगळी. ती वर लवेसारखी दिसते, तसं असेल तर टाकाच.

कांद्याचं याच्या उलट. लाल कांद्यातला रंग आम्लात गुलाबी खुलतो, म्हणून सिरकेवाला प्याज, म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवलेला कांदा, बीट न घालताही गुलाबी होतो. हिरव्या भाज्यांचा रंग मात्र आम्लात मरतो, काकडी-फरसबी शेवाळी दिसायला लागते. कोशिंबिरीत व्हिनेगर घालायचंच असेल तर वाढताना.

बोरीबंदर

सिरकेवाल्या कांद्याचं प्रमाण द्या कोणीतरी.

खवय्यी_नाशिक

छोटे कांदे सोलून खालून चिरा द्या, पाव किलो. अर्धी वाटी व्हिनेगर, अर्धी वाटी पाणी, चमचाभर मीठ, चमचाभर साखर कोमट करून ओता. एक हिरवी मिरची, दोन मिरी. बीटची चकती घातली तर रंग लवकर येतो. दुसऱ्या दिवशी तयार. फ्रिजमध्ये आठवडाभर.

रसायनवाला

'फ्रिजमध्ये' हा शब्द महत्त्वाचा आहे, ठळक करा. निम्मं पाणी घातलं की आम्ल निम्मं होतं. असं लोणचं बाहेर महिनोन्महिने टिकत नाही. आपलं कैरीचं लोणचं बाहेर राहतं ते मीठ, तेल आणि कैरीचा स्वतःचा आंबटपणा या तिघांमुळे. आणि घरी केलेल्या व्हिनेगरची आम्लता कोणी मोजलेली नसते, म्हणून वर्षभराच्या लोणच्याला टक्के छापलेली बाटलीच घ्या. घरचं मसाल्याला, रश्श्याला.

चिंचगूळ

बाल्सामिकबद्दल कोणीच बोललं नाही. मुलाने इटलीहून आणलंय, १०० मिलीची इवलीशी बाटली. जपून ठेवलीय, पण त्याचं करायचं काय?

राईनकाठी

त्यावर 'त्रादित्सियोनाले' लिहिलंय का? असेल तर ती किमान १२ वर्षं लाकडी पिंपांत मुरलेली आहे, मोदेना किंवा रेज्जो एमिलिया भागातली. शिजवलेल्या द्राक्षरसापासूनच करतात. ती गॅसवर नेऊ नका! आंब्याच्या फोडीवर, स्ट्रॉबेरीवर, व्हॅनिला आइस्क्रीमवर थेंब थेंब. दुकानात मिळणारं स्वस्त बाल्सामिक म्हणजे वाइनचं व्हिनेगर आणि द्राक्षरस, ते सॅलडला ठीक.

चिंचगूळ

हो, तेच लिहिलंय. पायरीच्या फोडीवर चार थेंब घातले. मला वाटलं होतं आंबा बिघडेल. नाही बिघडला. काकवीत कोणीतरी द्राक्ष बुडवल्यासारखी चव आली, आंबटपणा नंतर. व्हिनेगर कशाला, असं मीच वर विचारलं होतं. तो प्रश्न मागे घेतो.

संपादक मंडळ

सफरचंदाच्या व्हिनेगरने वजन, साखर वगैरे यावरचे सहा प्रतिसाद आरोग्य विभागात हलवले आहेत. इथे स्वयंपाकापुरतंच राहू द्या. एवढं मात्र इथेही लिहून ठेवतो : कुठलंही व्हिनेगर पाणी न घालता पिऊ नये, दातांचं आवरण झिजतं आणि घसा पोळतो.

नारळीपौर्णिमा

मोगरी, तुमच्या बिघडलेल्या मसाल्याचं राहूनच गेलं. टाकू नका. कढईत दोन चमचे तेल घाला, कांदा अगदी बारीक चिरून तांबूस होईपर्यंत परता, मग मसाला घाला आणि झाकण न ठेवता मंद आचेवर दहा-बारा मिनिटं परता. टोचरा वास बराचसा उडेल. चिमूटभर माडाचा गूळ असेल तर घाला. थंड करून बरणीत भरा आणि चार दिवस विसरा. पण तळायच्या बांगड्यात आता नको, कोळंबी-बटाट्याला किंवा अंड्यांना वापरा.

नवीन करताना मासळी मसाल्यात अर्ध्या तासाहून जास्त ठेवू नका. आंबटात जास्त वेळ राहिली की वरचं मांस भुसभुशीत होतं. डुकराचं मांस मात्र रात्रभर हवं.

मोगरी

उशीर झाला लिहायला, पण रिकाम्या हाताने आले नाही.

आधी बरणी वाचवली, नारळीपौर्णिमांच्या पद्धतीने. गूळ साधाच होता. त्यात उकडलेली अंडी केली. नवऱ्याने दोनदा वाढून घेतलं.

मग शनिवारी मसाला पुन्हा वाटला. कोरडा मसाला एकच, फक्त तीन वाट्यांत तीन व्हिनेगरं : सिंथेटिक पांढरं, आंबवलेला उसाचा सिरका आणि सासूबाईंनी एसटीने येणाऱ्या भाच्याबरोबर पाठवलेलं माडाचं. आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवून आज बांगडे केले, प्रत्येकी दोन. कोणता कशाचा हे मी कोणाला सांगितलं नाही. मुलीने, नवऱ्याने आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंनी चाखले.

सिंथेटिकचा तिघांनीही ओळखला, तो आठवड्यानेही तसाच टोचरा. उसाचा काकूंना सगळ्यांत आवडला. मला तो थोडा जास्त गोड वाटला, पुढच्या वेळी त्यात साखर घालणार नाही. माडाच्या बांगड्याचा घास घेतल्यावर नवरा म्हणाला, "हा आईचा आहे." मसाला मी वाटलेला होता, तरीही.

आणखी एक. मी मोजून घातलं. २५ मिरच्यांना भिजवायला आणि वाटायला मिळून १२० मिली लागलं. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, वहीत लिहून ठेव, पण मिरची जुनी असली की जास्त पिते, ते मापात येणार नाही.

वसईची_लेक, इंद्यालचं प्रमाण द्याल का? उसाचा सिरका पाऊण बाटली उरलाय.

वसईची_लेक

देते. आईही 'लागेल तेवढं'च म्हणते, म्हणून या रविवारी ती करताना शेजारी माप घेऊन उभी राहते आणि मग लिहिते.